कुरडयांची राखण

शुक्रवारी दुपारी साताऱ्याच्या गाडीसाठी स्वारगेटला निघताना कुसुमताईंनी यजमानांच्या हातात एक काठी दिली. काठीच्या टोकाला जुन्या साडीची चिंधी बांधलेली होती.

"ही कबुतरांसाठी," त्या म्हणाल्या, आणि मग घडी घातलेला एक कागद पुढे केला. "आणि हा तुमच्यासाठी."

कागदावर नऊ सूचना होत्या. त्यातल्या सात कुरडयांबद्दल होत्या, एक दुधाबद्दल आणि एक, "जेवत जा", श्यामसुंदररावांबद्दल. प्रपंचात आपलं स्थान किती, हे माणसाला असल्या कागदांवरूनच कळतं.

प्रकरण असं होतं की कुसुमताईंच्या भाचीचं लग्न पुढच्या रविवारी पुण्यातच होतं आणि रुखवतात मांडायच्या कुरडयांचा विडा कुसुमताईंनी उचलला होता. दोनशे सोळा कुरडया. पांढऱ्या, गुलाबी आणि हिरव्या. शुक्रवारी सकाळी त्या कसबा पेठेतल्या इमारतीच्या गच्चीवर घालून झाल्या होत्या. अजून दोन उन्हं लागायची होती, आणि कुसुमताईंना बहिणीच्या मदतीला साताऱ्याला जाणं भाग होतं.

"एरवी तरी तुम्ही फोन घेऊन बसलेलेच असता," त्या जिन्यावरून म्हणाल्या. "आता गच्चीवर बसा. फोनला काय, ऊन लागलं काय नि सावली लागली काय."

हे श्यामसुंदररावांना लागलं. कारण ते नुसते फोन घेऊन बसत नसत. ते लढत असत.

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढून ते आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते, आणि त्यानंतर एका ऑनलाइन खेळात ते वैद्य होते. या खेळात जगभरातले हजारो लोक आपापली सोंगं घेऊन उतरतात. कुणी योद्धा, कुणी तिरंदाज, कुणी मांत्रिक. मग टोळ्या करून एकमेकांचे किल्ले घेतात. टोळीला गिल्ड म्हणतात. श्यामसुंदररावांच्या गिल्डचं नाव 'सह्यकडा', त्यात चाळीस मराठी माणसं, आणि या चाळीस जणांच्या जखमा भरून काढणारा पांढऱ्या दाढीचा, हिरव्या काठीचा वैद्य एकच. आता चौतीस वर्षांच्या नोकरीत "श्यामसुंदर, तू नसतास तर आम्ही मेलो असतो" असं त्यांना एकाही कार्यकारी अभियंत्याने म्हटलं नव्हतं. इथे ते रोज ऐकू येई. असा माणूस दिवसाचे पाच तास तिथे गेला, तर त्याला व्यसन म्हणणं कितपत योग्य आहे, हे ज्याचं त्याने ठरवावं. कुसुमताईंनी ठरवलेलं होतं.

शनिवारी सकाळी साडेदहाला उपांत्य लढाई होती. खेळ अमेरिकेतला, त्यामुळे तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. आणि शनिवारीच, इमारतीच्या पाळीप्रमाणे, पाण्याचा पंप चालू-बंद करण्याचं कामही श्यामसुंदररावांकडे होतं. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारं यंत्र बसवावं, हा विषय गेल्या चार वार्षिक सभांत चर्चेला आलेला होता आणि चारही वेळा यंत्र कुठल्या रंगाच्या पेटीत असावं यावर तहकूब झाला होता.

पण श्यामसुंदरराव नियोजनाचा माणूस. त्यांनी आदल्या दिवशी पट्टी-पेन्सिलीने तक्ताच आखला. दहा पंचवीस, पंप चालू. साडेदहा, लढाई. दर तीन मिनिटांनी कबुतरांवर काठी. अकरा, गजर, खाली जाऊन पंप बंद. अकरा पाच, पुन्हा लढाई. एक माणूस घर, इमारत आणि राज्य अशी तिन्ही कशी सांभाळू शकतो, याचा तो नमुना होता. तो त्यांनी फ्रिजवर लावला.

गच्चीवर सावली अशी एकाच ठिकाणी होती, टाकीच्या पायाशी. तिथे पाट टाकून, कानात इअरफोन घालून ते बसले. पहिली वीस मिनिटं तक्त्याप्रमाणे पार पडली. मग गिल्डचा सरदार हुसेन याने हाळी दिली.

"वैद्यबुवा, डाव्या बुरुजावर या! काळभैरवी पडतेय!"

काळभैरवी म्हणजे गिल्डची आघाडीची योद्धी. हातात काटेरी गदा, तोंडात एकही शब्द नाही. ती पडली तर सगळंच संपलं. श्यामसुंदरराव डाव्या बुरुजाकडे धावले, म्हणजे त्यांचा अंगठा धावला. ती उठली, पुन्हा पडली, त्यांनी पुन्हा उठवली. एवढ्यात पडद्यावर गजराची पट्टी आली आणि नेमकी काळभैरवीच्या तोंडावर बसली. त्यांनी ती बोटाने बाजूला सारली, जशी आपण माशी सारतो.

थोड्या वेळाने पायाला गार लागलं. त्यांना वाटलं, सावली मोठी झाली. उलट बरंच वाटलं.

मग पाट हलला.

टाकीचं जादा पाणी वाहून नेणाऱ्या पाइपाचा कोपरा कधीचा निखळलेला होता. ते पाणी बाहेर न जाता पसरत पसरत गच्चीच्या उताराला लागलं होतं, आणि उतार कुणीकडे होता हे सांगायची गरज नाही. श्यामसुंदररावांनी मान वळवली तेव्हा प्लॅस्टिकच्या कागदावर एक तळं झालेलं होतं. गुलाबी आणि हिरवा रंग सुटून एकमेकांत मिसळत होते. अर्धवट वाळलेल्या कुरडया विरघळून पुन्हा चीक होत होत्या, आणि कडेला सहा कबुतरं रांगेत उभी राहून पाणी पीत होती. ज्या माणसाने आयुष्यभर पाणी कुठून कुठे जाईल याचे नकाशे काढले, त्याच्यावर ही वेळ यावी!

"वैद्यबुवा! वैद्यबुवा कुठायत?" इअरफोन निघून पाटावर पडलेल्या फोनमधून हुसेन ओरडत होता.

वैद्यबुवा चार मजले उतरत होते. दुसऱ्या मजल्यावर ओल्या चपलेने दगा दिला आणि उरलेल्या पायऱ्या त्यांनी बसून उतरल्या. तिथेच अख्तरबानू दार उघडून उभ्या होत्या. सव्वीस वर्षांपासूनच्या शेजारी आणि कुसुमताईंच्या खास मैत्रीण. कालच्या निम्म्या कुरडया त्यांच्या हातच्या होत्या.

"काय झालं हो, श्यामभाऊ?"

"पंप!" एवढंच म्हणून ते पुढे गेले.

त्यांनी पंप बंद केला तेव्हा गल्लीत एक गृहस्थ स्कूटरवर नखशिखांत भिजलेले उभे होते. गच्ची भरून वरून पडलेली पाण्याची धार नेमकी त्यांच्यावर आली होती. ते पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातच कामाला होते, आणि पाणी वाया घालवणाऱ्यांचा शोध हेच त्यांचं काम होतं. त्यांना शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

अख्तरबानूंनी गच्चीवर येऊन पाहणी केली. मग एक गुलाबी गोळा चिमटीत उचलून त्यांनी खाली सोडला. पचकन आवाज झाला.

"भाभी, कुसुमला सांगू नका," श्यामसुंदरराव म्हणाले.

"मी खोटं बोलत नाही, श्यामभाऊ. पण कुणी विचारल्याशिवाय सांगतही नाही." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "शुक्रवारी येणार ना ती? आज गहू भिजवा. मंगळवारी चीक काढा, बुधवारी घाला. दोन उन्हं मिळतील."

"मी?"

"नाही, कबुतरं."

संध्याकाळपर्यंत सूचना फलकावर कागद लागला. तळमजल्यावरचे यज्ञेश्वरपंत हे संस्थेचे अध्यक्ष. ते कुणाशी भांडत नसत, फलक लिहीत. "काही सभासदांचे किल्ले मजबूत असतील, टाकी मात्र सर्वांची आहे. कृपया खाली यावे." 'खाली' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. श्यामसुंदररावांनी तो तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना मागून स्वतः पंत म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे ना? आपण पूर्वी सरकारी खात्यात होतात, म्हणून विचारलं."

गहू भिजवायचे म्हटल्यावर अख्ख्या इमारतीला मत फुटलं. लोकवन घ्या. छे, खपली घ्या. पाणी रोज बदला. दोनदा बदला. पहिल्या मजल्यावरच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी तर, स्वतः कधी गॅस पेटवलेला नसताना, आंबवण्याच्या क्रियेवर पाऊण तास व्याख्यान दिलं. अख्तरबानू मात्र दर चार तासांनी येऊन नेमकं एकच वाक्य बोलत. "आता पाणी बदला." "वास घ्या." "आज रात्री झाकण अर्धं ठेवा." त्या हे कुठून आणतात, असा प्रश्न श्यामसुंदररावांना पडला नाही. पडायला हवा होता.

सोमवारी पाण्याच्या कार्यालयात खुलासा द्यायला जावं लागलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी अर्ज वाचला.

"पाणी वाया जाण्याचं कारण 'वैयक्तिक' असं चालत नाही, काका. नेमकं लिहा."

श्यामसुंदररावांनी नेमकं लिहिलं. बाईंनी पुन्हा वाचलं.

"'किल्ला लढवत असल्याने.' कुठला किल्ला?"

"ऑनलाइन."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "पंप नादुरुस्त, वीज गेली, सभासद परगावी... किल्ल्याला रकाना नाही. 'इतर'मध्ये टाका. आणि टाकीचा नकाशा जोडा."

"नकाशा नाहीये."

"मग काढून आणा कुणाकडून तरी."

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच श्यामसुंदररावांच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्यांनी तिथल्याच बाकावर बसून टाकीचा आडवा छेद, उभा छेद आणि निखळलेला पाइप असा नकाशा काढला, उत्तर दिशाही दाखवली. बाईंनी शिक्का मारला. "एवढं छान कुणी काढत नाही हो," त्या म्हणाल्या, आणि संस्थेला ताकीद देऊन प्रकरण मिटवलं. ताकिदीचं पत्र पंतांनी अर्थातच फलकावर लावलं.

इकडे शनिवारी गिल्डने किल्ल्याचा दरवाजा कसाबसा टिकवला होता. अंतिम लढाई बुधवारी सकाळी साडेदहाला ठरली. बुधवारीच चीक शिजणार होता.

मंगळवारी संध्याकाळी गहू वाटून, गाळून, तो पांढराशुभ्र चीक पातेल्यात निवळायला ठेवला, आणि मनगटापर्यंत पांढऱ्या झालेल्या हातांनी त्यांनी गिल्डच्या बैठकीत खरं काय ते सांगून टाकलं. शनिवारी आपण का पळालो, आणि बुधवारी का येता येणार नाही. चार महिने ज्या लढाईची तयारी केली, तिचा एकुलता एक वैद्य कुरडया घालायला जात होता.

"वैद्यबुवा," हुसेन म्हणाला, "तुमच्याशिवाय आपण पंधरा मिनिटंही टिकणार नाही."

"माहीत आहे रे," श्यामसुंदरराव म्हणाले. अपराधी वाटतानाही आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या, हे त्यांनी नंतर कबूल केलं.

तेवढ्यात एक आवाज आला, जो गिल्डमध्ये आजवर कुणीही ऐकला नव्हता.

"गहू कोनता भिजवलाय? लोकवन हाय का?"

"कोण बोलतंय?" हुसेनने विचारलं.

"काळभैरवी बोलतेय. मुक्ताबाई म्हना. मांजरी गावात ऱ्हाते. आमच्या बचत गटाच्या कुरडया दरसाल मीच करते. एकट्या मानसाचं काम न्हाई ते. पत्ता द्या, सकाळी सातला येते."

बुधवारी सकाळी सातला इमारतीच्या दारात एक स्कूटर थांबली. काटेरी गदावाली काळभैरवी पन्नाशीची, ठेंगणी, नऊवारीतली निघाली, आणि पायरीवर पिशवी ठेवताना "हुश्श" म्हणाली. पिशवीत स्वतःचा पितळी सोऱ्या होता. तिच्या मागोमाग तिशीचा एक उंच तरुण आला. स्वारगेटच्या बस डेपोत गाड्या सुटण्याच्या घोषणा करणारा हुसेन हाच. त्याची आज साप्ताहिक सुट्टी होती.

"लढाई साडेदहाला आहे," तो म्हणाला. "दहाच्या आत उरकू. गच्चीवरूनच खेळू."

ठरवायला काय जातं! पाणी उकळलं, मीठ-हिंग पडलं, चीक ओतला, आणि श्यामसुंदररावांनी ढवळायला घेतला. चीक शिजायला लागला की एका क्षणात असा काही आवळून येतो की पळी माणसाला फिरवते. त्यांच्या पळीला गुठळ्या लागल्या.

"आरं, चीक हाय का गोट्या हायेत?" मुक्ताबाई कडाडल्या. "तळापास्नं! तळापास्नं हलवा! थांबू नका!"

खेळात ती एक शब्द का बोलत नसे, ते श्यामसुंदररावांना तेव्हा कळलं. सगळे शब्द घरी लागत असावेत. त्यांनी दोन्ही हातांनी पळी धरली. चिकाचा एक थेंब मनगटावर उडून चिकटला, दुसरा अंगठ्यावर. पण थांबले नाहीत. पाऊण तासाने पातेल्यात काचेसारखा चकचकीत चीक तयार झाला, आणि मुक्ताबाई म्हणाल्या, "जमलं." कार्यकारी अभियंत्यांचा उल्लेख वर आलाच आहे. हा शब्द त्या सर्वांच्या वर होता.

तीन सोऱ्यांवर तिघं बसले. अख्तरबानूही आल्या, म्हणजे चौघं. पहिल्या वीस कुरडया आफ्रिकेच्या नकाशासारख्या झाल्या. मग हात बसला. हुसेन डेपोच्या आवाजात आकडे पुकारत होता. "साठ. एकसष्ट. पुढची हिरवी, सरकून घ्या." यज्ञेश्वरपंत वर येऊन डोकावले, टाकीकडे बघितलं, कुरडयांकडे बघितलं. "आज पंपाची पाळी माझी आहे," ते म्हणाले, "आपण निर्धास्त असा." तरीही पाइपाखाली त्यांनी एक बादली ठेवली. मग कुणी सांगितलं नसताना काठी उचलली आणि कबुतरांच्या मागे लागले.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी एकशे तीस झाल्या होत्या. पातेल्यात अजून बराच चीक उरला होता. हुसेनने फोन काढला. श्यामसुंदररावांनीही काढला, पण अंगठा चिकाने असा माखलेला की पडदा बोट ओळखेचना.

"चीक गार झाला तर सोऱ्यातनं उतरायचा न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांनी फोन पिशवीतून काढलासुद्धा नाही.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हुसेनने एक श्वास घेतला आणि फोनवर सांगितलं, "मंडळी, आम्ही तिघं येत नाही. तुम्ही सदतीस जण जमेल तसं लढा. वाईट वाटून घेऊ नका." मग फोन मोठ्या आवाजावर करून त्याने टाकीवर ठेवला आणि पुन्हा सोऱ्या धरला. "एकशे एकतीस."

वरून किल्ल्याची धुमश्चक्री ऐकू येत होती. इकडे हात चालू होते. पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. सरदार नाही, योद्धी नाही, वैद्य नाही, आणि तरी सदतीस जण मागे हटत नव्हते. दोनशे पाचवी कुरडई घालताना फोनमधून एकदम आरडाओरडा झाला. "घेतला! किल्ला घेतला!"

गच्चीवर सगळ्यांचे हात थांबले.

"अभिनंदन," हुसेन पडलेल्या आवाजात फोनला म्हणाला.

"चार महिन्यांत पहिल्यांदा," कुणीतरी आनंदाने ओरडत होतं, "कुणी आरडाओरड केली नाही, त्यामुळे नीट विचार करता आला!"

मुक्ताबाईंना इतकं हसू आलं की त्यांची कुरडई लांबट झाली. श्यामसुंदररावांना मात्र जरा वेळ लागला. आपल्यावाचून राज्य अडत नाही, हे माणसाला एकदम पचत नाही. त्यांनी उरलेल्या अकरा कुरडया मान वर न करता घातल्या. अगदी गोल घातल्या. मग पातेल्याला चिकटलेला चीक चौघांनी तेल घालून गरम गरम खाल्ला, पंतांनाही वाटी दिली, आणि तेव्हा कुठे ते हसले.

शुक्रवारी कुसुमताई आल्या त्या थेट गच्चीवर गेल्या. एक कुरडई उचलली, उन्हात धरली, घरात आणून तळली. ती तेलात पडताच कढईभर फुलली. त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"कुसुम, मला काही सांगायचंय," श्यामसुंदररावांनी सुरुवात केली.

"हात दाखवा आधी."

मनगटावर आणि अंगठ्यावर चिकाच्या चटक्यांचे लाल डाग होते. कुसुमताईंनी कपाटातून मलम काढलं.

"तुला कधी कळलं?"

"शनिवारी. साडेअकराला. मी अख्तरला फोन करून विचारलं, कुरडया कशा आहेत, आणि ती खोटं बोलत नाही." मलम लावता लावता त्या म्हणाल्या, "पाणी बदला, वास घ्या, झाकण अर्धं ठेवा. तुम्हाला काय वाटलं, तिला स्वप्नं पडत होती? चार दिवस बहिणीकडे लग्नघरातलं काम सोडून मी फोनला चिकटले होते. बहीण म्हणाली, भाऊजींसारखीच झालीस."

"मग तू ओरडली का नाहीस?"

"ओरडले असते, तर तुम्ही केल्या असत्यात का?" त्या म्हणाल्या. मग थोड्या हळू आवाजात, "तीस वर्षं चीक ढवळतेय मी. किती जोर लागतो ते सांगून कळत नाही."

श्यामसुंदररावांनी स्वतः उठून कढई घासायला घेतली. कुसुमताईंनी नको म्हटलं नाही.

रविवारी कार्यालयात रुखवत मांडलं गेलं. मधोमध परातीत कुरडयांचा मनोरा, पांढरा, गुलाबी, हिरवा. आफ्रिकेचे नकाशे खालच्या थरात होते. वरपक्षाकडच्या एका आत्याबाईंनी चष्मा लावून निरखलं आणि विचारलं, "केल्या कुणी?"

आसपास बरीच माणसं होती. कुसुमताईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी."

पाच मिनिटांत श्यामसुंदररावांभोवती अकरा बायकांचं कडं झालं. गहू किती दिवस भिजवलात? चीक पिवळट का होतो? हिंग आधी की नंतर? रेशमी झब्ब्यातले श्यामसुंदरराव हातवारे करून सांगू लागले. एकीने तर पर्स उघडून कागद काढला. एवढ्यात त्यांच्या खिशातला फोन थरथरला. हुसेन होता. नव्या किल्ल्यावर कुणीतरी चाल करून आलं होतं, वैद्य तातडीने हवा होता.

"हुसेन, अर्ध्या तासाने कर," श्यामसुंदरराव घाईने म्हणाले. "गुठळ्या का होतात, तिथपर्यंत आलोय."